तोंडातून ब्र नाही

मी त्यांना वन्सं म्हणते, माझी लेक आत्या म्हणते. वन्संचं उभं आयुष्य एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर गेलं. पलीकडचा माणूस नुसता खोकला तरी कोणता डॉक्टर आहे ते त्या ओळखायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "लाइन एंगेज होती." निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं तिरकं बोलणं कळायलाच मला वर्ष लागलं, आणि एकदा कळल्यावर त्यांचं प्रत्येक वाक्य मी तिरकंच धरू लागले.

लेकीने हट्ट करून दोन गिनी पिग आणले, भाऊ-भाऊ. तपकिरी, लठ्ठ, बसल्या जागी हुकूम सोडल्यासारखा बघणारा तो साहेब. सतत पळणारा पांढरा तो शिपाई. नावं वन्संनीच ठेवली. "मी सगळं करीन" म्हणणाऱ्या लेकीचा उत्साह महिनाभरात ओसरला आणि पिंजरा वन्संच्या गळ्यात पडला. खाली कागद बदलणं, सुकं गवत कधी संपू न देणं, रोज ढोबळी मिरचीच्या फोडी घालणं, मांडीवर घेऊन नखं कापणं, सगळं त्याच करत.

फ्रिज उघडला की मिरचीच्या आशेने दोघं अशी किंचाळत, की कुकरनेही मान खाली घालावी. त्या गोंगाटात वन्सं शांतपणे म्हणत, "गुणी जनावरं. तोंडातून ब्र नाही." आम्ही पोट धरून हसायचो. घरी कुणी आलं, की लेक मुद्दाम फ्रिज उघडून आत्याकडून ते वाक्य वदवून घ्यायची.

मग साहेबाने खाणं सोडलं. वन्संच्याच ते आधी लक्षात आलं. लेंड्या बारीक झाल्या होत्या आणि हनुवटी लाळेने ओली होती. मी कामावरून आले तशी आम्ही तिघी दोघांनाही खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. एकाला घरी एकटं ठेवलं तर तो भेदरतो.

डॉक्टरांनी तोंडात बघितलं. मागचे दात वाढून जिभेवर आले होते. दिवसभर घरी कोण असतं, असं विचारून ते वन्संकडे वळले. "फ्रिज उघडल्यावर ओरडायचा, ते कधीपासून बंद झालं?"

"ओरडत नाहीत हो ही," वन्सं म्हणाल्या. "मुकीच जात आहे."

लेक खुदकन हसली. नेमका तेव्हाच टेबलावरच्या खोक्यात शिपाई किंचाळत होता. डॉक्टरांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वन्संनी आमच्या नजरा पाहिल्या, खोक्यावर वाकून शिपायाचं थरथरणारं अंग पाहिलं, आणि पर्स उगाचच उघडून बंद केली. ती थट्टा कधी नव्हतीच; आमचं बोलणं ऐकणाऱ्या त्यांच्या कानांना ती उंच पट्टीतली किंचाळी ऐकूच येत नव्हती.

डॉक्टरांनी वाढलेले दात घासून कमी केले. पोट रिकामं राहिलं तर जगणार नाही, म्हणून पिचकारीने दर थोड्या वेळाने पातळ खाणं भरवायला सांगितलं. "पुन्हा ओरडायला लागला, की वाचला समजा."

घरी आल्यावर वन्सं पिंजऱ्याकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी पिचकारी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, उद्या मला कामावर जायचंय, तिला शाळा आहे, त्याला भरवायचं कुणी?

"ज्याला ऐकू येतं त्याने."

लेकीने साहेबाला उचललं आणि सरळ आत्याच्या मांडीवर ठेवलं. "तू भरव. ओरडला की मी सांगते." वन्संनी हात मागे घेतले. साहेबाने त्यांच्या पदराखाली नाक खुपसलं, तेव्हा त्यांनी पिचकारी मागितली. पहिला घास हनुवटीवरून ओघळला, दुसरा गेला. त्याच्याकडेच बघत त्या म्हणाल्या, "याचे दात झाले. आता माझे कान दाखवायला ने."

कानाचं यंत्र बसवून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. आवाज त्रासलेला होता. "बदलून आणावं लागेल गं हे. फ्रिज उघडला की शिट्टी मारतंय कानात."

मी त्यांना पिंजऱ्याकडे वळवलं. शिपाई गजांवर पाय टेकून उभा होता. त्याच्या शेजारी, अंग सावरत, साहेब.

वन्संनी यंत्र काढलं, पुन्हा घातलं.

"दोघंही?"

"दोघंही, वन्सं."

फ्रिजचं दार उघडंच होतं. मी ते लावलं नाही.