निपाणीतल्या जोडीदाराला पाठवलेले मेसेज

बेळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात माझी नुकतीच बदली झाली होती. जवळच्या मच्छे गावातल्या एका तरुणाला आम्ही पकडलं होतं. नशेच्या गोळ्या विकणारी एक लपलेली साइट होती, तिथं तो गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघायचा. ती साइट साध्या इंटरनेटवर दिसत नव्हती, आणि ती ज्यावर चालायची ते मशीन जगात कुठं आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ते फक्त साइट चालवणाऱ्या त्याच्या जोडीदाराला माहीत. दोघं आपल्याकडच्या मराठीत मेसेज करायचे. आमचे साहेब कन्नड बोलणारे. ठाण्यात तसली मराठी लिहिणारी मी एकटीच, इथल्याच वडगावची.

"आता तुम्हीच तो," साहेब म्हणाले. "जोडीदाराला संशय येता कामा नये."

मी त्या तरुणाच्या फोनवरून लिहायला लागले. व्हय रं. न्हाय रं. बघतो.

एकदा जोडीदारानं विचारलं, "आईच्या डोळ्याचं आपरेशन झालं का?"

मला काय माहीत? शेजारच्या खोलीत जाऊन मी त्या तरुणाला विचारलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "झालं. दिसतंय म्हणावं आता."

मी तेवढंच टाइप केलं.

"लई बरं झालं बघ," पलीकडून आलं.

जोडीदार दुपारी निपाणीतल्या एका हॉटेलात बसून काम करतो, हे मेसेजमधूनच कळलं. त्याचा लॅपटॉप चालू असतानाच हाती लागायला हवा होता. बंद झाला की पासवर्डाशिवाय काही उघडलं नसतं. आमची दोन माणसं साध्या कपड्यांत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसली. ठरल्याप्रमाणे मी बेळगावातून लिहिलं, "साइट उघडंना झालीय रं, बघ की जरा."

"थांब, बघतो."

त्यानंतर मेसेज आला नाही. साहेबांचा फोन वाजला. तो सापडला होता, लॅपटॉप उघडाच होता.

लॅपटॉपवरून कळलं, मशीन परदेशात होतं. तिथल्या पोलिसांनी ते ताब्यात घेतलं, तेव्हा आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो होतो. गोळ्यांचे फोटो गेले आणि साइट जप्त केल्याची पोलिसांची पाटी आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कुंदा आणला. मी खाल्ला. गोड लागला की नाही, आठवत नाही.

घरी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विणकामाचा माग थांबवून विचारलं, "लई दमलीस व्हय गं?"

"न्हाय अण्णा." खरंच दमले नव्हते. जेवले, भांडी घासली, झोपले.

पुढं कळलं, गोळ्या विकणारे बाकीचे लोक दुसऱ्या साइटवर गेलेत. साहेब चिडले, मग मला म्हणाले, "पुन्हा कुणाच्या तरी फोनवर बसावं लागेल."

"बसते सर," म्हटलं.