न विचारता उघडलेले पडदे

सभागृहाच्या राखणदाराला सगळे पडदेकाका म्हणत. अहो, या माणसाला भिंतींचं जेवढं कळायचं, तेवढं भल्याभल्या गवयांना स्वतःच्या गळ्याचं कळत नसेल! गायक आला की काकांचा पहिला प्रश्न, "काय गाणार?" सूर लांबवत, डोक्यात घुमवून गायचं असेल, तर बाजूच्या भिंतींवरचे जाड पडदे उघडायचे. उघड्या दगडावरून सूर परत येतो, गाणं भरदार होतं. मोकळ्या छातीनं, भराभर शब्द फेकत गायचं असेल, तर पडदे ओढून घ्यायचे. नाहीतर एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि नुसता गलका ऐकू येतो. तीस वर्षांत विचारल्याशिवाय त्यांनी पडद्याला हात लावला नव्हता.

विचारलं नाही ते पोटच्या पोरीला.

मोठ्या गायकवृंदात एकच जागा होती आणि निवड काकांच्याच सभागृहात. मुलगी सहा वर्षं घुमवून गायला शिकत होती, मग तिला काय विचारायचं? काकांनी सकाळीच सगळे पडदे उघडले. वर हौस म्हणून खुर्च्यांच्या गाद्याही काढून ठेवल्या. गाद्या आवाज खातात ना!

आणि मुलीनं धरलं आईचं गाणं. सूतगिरणीत यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून आई म्हणायची, तेच. उघड्या गळ्याचं, शब्दांनी खच्चून भरलेलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि बाबांना चकित करायचं म्हणून पोरीनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पडद्याची दोरी काकांपासून हातभर अंतरावर होती. पण गाणं चालू असताना पडदा हलवायचा नाही हा नियम, आणि खरं सांगायचं तर काकांना धीरही झाला नाही.

"आवाज आहे," परीक्षक बाई म्हणाल्या, "पण शब्द एकही कळत नाही. पुढचं कोण?"

घरी येऊन मुलीनं चपला काढल्या. मग म्हणाली, "बाबा, आईचं गाणंच गचाळ होतं, नाही? आपल्याला उगाच चांगलं वाटायचं."

'पडदे मी उघडले होते,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग जन्मभर पोरीची ती नजर सोसायची, हे काही काकांना झेपेना. भेकड मेला!

"असेल बाई," ते म्हणाले.

त्यानंतर तिनं ते गाणं पुन्हा कधी म्हटलं नाही. आणि आईमागे ते येत होतं तिला एकटीलाच.