बहू बावडी

आमचं गाव आळंदहून उमरग्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. वाटेला लागूनच मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काळा खडक फोडून विहीर खोदली होती. निजाम सरकारची मोजणीची माणसं नकाशा करायला शिवारात उतरली, तेव्हा मामंजींना एकच ध्यास लागला. विहीर आपल्या नावानं नकाशावर चढली पाहिजे. येईल त्याला हेच सांगायचे. मोजणीच्या तंबूकडे रोज ताकाची घागर जायची.

आणि माणसं विहिरीवर आली ती नेमकी बाजाराच्या दिवशी. घरातले झाडून सगळे पुरुष आळंदला गेलेले. पाणी शेंदायला मी एकटी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोजणीवाल्यानं तीन पायांचं मेज मांडलं, दुर्बिणीतून टेकडीवरचं देऊळ बघितलं आणि मला विचारलं, "इस बावडी का नाम क्या है?"

नाव ठाऊक होतं हो! पण सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं कसं? जीभ झडेल, असं आईनं बजावून पाठवलेलं. त्यानं पुन्हा विचारलं. शेवटी मी म्हणाले, "मी ह्या घरची सून हाय. मला त्यांचं नाव घेता येत न्हाई."

तो हसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मेज उचलून पुढं गेला.

"आता तुझी धडगत न्हाई," घरी सांगितलं तशी जाऊबाई म्हणाल्या.

पुढं नकाशा छापून आळंदच्या कचेरीत लागला. मामंजी धुतलेला पटका बांधून बघायला गेले. संध्याकाळी आले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या ठेवला.

"कारकुनानं वाचून दाखवलं. 'बहू बावडी' लिवलंय. सुनेची विहीर."

मला रडूच फुटलं.

"कामून रडायलीस? कारकून म्हणला, अर्ज द्या, बदलता येतंय. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. मी एकदा खोदली, ती रोज शेंदायलीय."

तेव्हापासून वाटसरूंनाही ते स्वतःच सांगायचे, "पुढं सुनेची विहीर हाय, पाणी पिऊन जावा." एवढी हौस अशी हसत सोडून देणारा सासरा मला मिळाला. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

नातसून कधी त्यांचं नाव विचारते. मी तिला मुलाकडे पाठवते. पण सकाळी पहिला पोहरा वर आला की ते नाव मी मनातल्या मनात घेते. मनात घेतलं तर जीभ झडत नाही.