घोड्याच्या चालीचा राजा

वर्षाराणीचं माहेर केजचं. शाळेत असताना ती बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली आली होती. क्रीडाशिक्षक गहिनीनाथ सर तिच्या वडिलांना भेटून सांगून गेले, पोरीचा हात चांगला आहे, हिला पुढं खेळू द्या. वडिलांनी मान हलवली, आणि बारावी होताच दिंद्रुडचं स्थळ आलं तेव्हाही तशीच मान हलवली. मुलगा अंगद, घरचं खत-बियाण्यांचं दुकान, पाण्याखालची जमीन. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तिला कुणी विचारलंही नाही.

सासरी पट नव्हता असं मात्र नाही. सासरे बद्रीनाथ जन्मभर मारुतीच्या पारावर बंकट शिंप्याशी बुद्धिबळ खेळत आलेले. बंकट वारला आणि गावात त्यांच्या जोडीचं कुणी उरलं नाही. मग ते दुपारी ओसरीवर पट मांडून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे. वर्षाराणी उंबऱ्याच्या आत गहू निवडत बसायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"मामा, उंट मागं घ्या. वजीर जातोय."

बद्रीनाथांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. पट उचलून उंबऱ्याजवळ आणला आणि म्हणाले, "बस."

ती आतल्या बाजूला बसली, ते ओसरीवर. रस्त्यानं जाणाऱ्याला म्हातारा एकटाच खेळतोय असं वाटावं. पहिल्याच चालीला तिनं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. बद्रीनाथांनी ते बोटानं एक घर मागं आणलं. आमच्यात प्यादं एकच घर चालतं, म्हणाले. त्यांचा देशी डाव होता. त्यात राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारा किल्लेकोट नसतो. शह बसायच्या आत राजाला फक्त एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. पलीकडं पोचलेलं प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचंच मोहरं होतं. आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची. ती दबक्या आवाजात म्हणाली, स्पर्धेत असं नसतं.

"मग ती स्पर्धा झाली," बद्रीनाथ म्हणाले. "खेळ न्हाई."

तिनं वाद घातला नाही. समोर पट होता, पलीकडं खेळणारं माणूस होतं, एवढंही या घरात मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

सुरुवातीला ती आपला जुना खेळ डोक्यात जपून ठेवायची. भाकरी थापताना शाळेतले डाव मनात पुन्हा मांडायची. पुढं मुलगी झाली, आरोही, सासू बायनाबाईंचे गुडघे गेले, आणि स्वयंपाक, धुणं, दुकानावरचा डबा सगळं एकटीवर आलं. हातात मोबाइल आला तेव्हा त्यावर खेळून पाहिलं, पण डाव रंगात आला की चुलीवरचं दूध उतू जायचं नाहीतर हाक यायची, आणि परत येईतो घड्याळातली वेळ संपलेली असायची. तो नाद सुटला. राहिला तो सासऱ्यांचा संथ डाव. अर्धवट मोडला तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं चालायचा. घाई कुणालाच नव्हती.

हळूहळू ती जिंकायला लागली. पहिल्यांदा प्याद्यानं मात दिली त्या दिवशी बद्रीनाथ पारावर जाऊन सगळ्यांना सांगून आले, सुनेनं मला प्यादेमात केलं. त्या घरात तिच्याबद्दल कुणी बाहेर जाऊन चांगलं बोललं ते एवढंच.

गेल्या हिवाळ्यात गहिनीनाथ सरांचा फोन आला. केजला महिलांची स्पर्धा ठेवली होती, वरच्या नंबरांना राज्याला पाठवणार होते. अंगद म्हणाला, घर कोण बघणार? ओसरीवरून बद्रीनाथ म्हणाले, "म्या घेऊन जातो तिला." वडिलांनीच म्हटल्यावर अंगदनं विषय सोडला.

जवळच्या तेलगावहून धारूरमार्गे एसटीनं दोघं केजला गेले. एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. समोर बहुतेक शाळकरी मुली, कुणाच्या गळ्यात पाण्याची बाटली, कुणाचे वडील शेजारी उभे. वर्षाराणीनं पहिला डाव जिंकला, दुसराही जिंकला. मुली भराभर चाली करायच्या आणि थोड्या मोहऱ्यांवर डाव आला की अडखळायच्या. तिच्याकडं इतक्या वर्षांचा धीर होता. सर खुश झाले. मसालेभात खाताना बद्रीनाथ अनोळखी माणसांना सांगत होते, माझ्या हाताखाली तयार झालीय.

तिसऱ्या डावाला समोर आली संस्कृती नावाची मुलगी, अंबाजोगाईच्या क्लासमधली, वेणीला लाल रिबीन. अर्धा डाव वर्षाराणीच्या हातात होता. संस्कृतीचा घोडा सहज मारता येत होता, पण वर्षाराणीचं मन भलतीकडंच गुंतलं. कोपऱ्यातलं प्यादं पुढं नेऊन त्यानंच मात करायची. तेवढ्यात संस्कृतीनं एक प्यादं एकदम दोन घरं टाकलं आणि सगळी मांडणी विस्कटली. ते प्यादं तिथं पोचायला अजून एक चाल आहे, असं तिनं धरलं होतं.

तरी डाव गेला नव्हता. राजा मधल्या घरात उघडा होता. किल्लेकोट करायची वेळ केव्हाच येऊन गेली होती, पण तिला ते सुचलंच नव्हतं. आता संस्कृतीचा हत्ती समोरच्या उभ्या पट्टीत येणार हे दिसत होतं. वर्षाराणी घाबरली नाही. अजून शह बसला नाही, एवढंच तिनं बघितलं. तिनं राजा उचलला, अडीच घरं लांब नेऊन सुरक्षित जागी ठेवला आणि घड्याळ दाबलं.

संस्कृती पटाकडं बघत राहिली. मग न हसता, समजावणीच्या आवाजात म्हणाली, "ताई, राजा घोड्यासारखा जात नसतो."

पंच आले. राजाला हात लागलाय, आता राजाच हलवावा लागेल, म्हणाले. त्याला जायला एकच घर होतं आणि तिथं मात होती. शेजारच्या टेबलांवरच्या मुली वळून बघत होत्या, मागं कुणीतरी हसलं. वर्षाराणीनं राजा त्या घरात ठेवला. दोरीपलीकडं उभे असलेले बद्रीनाथ खाली बघत होते. ती उडी कुणाची, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच कळलं होतं.

उरलेले डावही ती हरली. आता प्रत्येक मोहऱ्याला हात लावताना तिला शंका यायची, हे असंच चालतं ना? निघताना सर जवळ आले तेव्हा तिनं घरच्या देशी डावाचं सांगितलं. वेगळे खेळ वाईट नसतात, म्हणाले, मुलं मोबाइलवर कसलेकसले डाव खेळतात आणि डोकं उघडतंच त्यांचं. पण मूळ खेळ सोबत चालू पाहिजे. ती म्हणाली, "कुणाबरोबर चालू ठेवणार होते, सर?"

एसटीनं धारूरचा घाट उतरल्यावर बद्रीनाथ म्हणाले, मला तुझा खेळ शिकव. आपण तोच खेळू.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शिकवायला घेतलं. बद्रीनाथांचं वय झालेलं. किल्लेकोट त्यांना तीनतीनदा सांगावा लागे आणि तरी राजा भलत्याच बाजूला जाई. प्यादं दोन घरं चाललं की ते दचकत. चूक दाखवली की पोरासारखे ओशाळे होत. ज्या माणसाचा हात पटावर कधी थबकला नव्हता, तो आता प्रत्येक चालीला तिच्या तोंडाकडं बघायचा. ते बघवेना म्हणून तिनं सांगितलं, जाऊ द्या मामा, तुमचाच डाव मांडू. मांडला. पण बद्रीनाथांना आता त्यातलंही धड आठवेना. राजा उचलून हवेतच धरून बसले.

"तू माझं कावून ऐकलंस?" ते म्हणाले. "पयल्याच दिवशी मला सांगायचं हुतं, मामा, तुमचा डाव मला बिघडवंल."

या घरात आपण कुणाचं ऐकलं नाही असं एकदा तरी झालंय का, हे तिला आठवत नव्हतं.

त्यानंतर पट मांडला गेला नाही. बद्रीनाथ पुन्हा पारावर जायला लागले. तिथं पत्ते चालायचे, ते बाजूला बसून बघायचे. घरी आले की जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. सुनेशी ते पाणी मागण्यापुरतं बोलत. राग नव्हता त्यात, पण दुसरं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

यंदा पुन्हा सरांचा फोन आला. स्पर्धा ठेवलीय, नाव लिहू का? वर्षाराणी गव्हाचं दळण डब्यात भरत होती.

"न्हाई, सर," ती म्हणाली. "आता मला येत न्हाई."

असं कसं येत नाही, सर म्हणाले, पण त्यांनी फार आग्रह केला नाही. प्रकृती विचारली, आरोहीची चौकशी केली आणि फोन ठेवला. तिनं राहिलेलं पीठ भरलं, डब्याला झाकण लावलं आणि अंगदचा डबा दुकानावर पाठवायला उशीर झाला म्हणून घाईनं भाजी फोडणीला टाकली.