वाकडं कुंकू

आमच्या अप्पांना चारचौघांत आईला काही सांगायचं असलं की ते बोलत नसत. सोलापूरच्या उन्हात आईचं कुंकू घामानं पसरायचं, मेणावर लावलेलं असलं तरी. मग अप्पा समोरच्या माणसाशी बोलता बोलता स्वतःच्या कपाळाला एक बोट लावत. आई लगेच पदराच्या टोकानं कुंकू नीट करी. लग्नात, बाजारात, देवळात, सगळीकडं हेच. त्यांच्या संसारातला एवढाच शृंगार मी पाहिला.

अप्पा गिरणीच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या एका विणकराच्या डोळ्याला मागावरून उडालेल्या धोट्याचं टोक लागलं आणि पुढं त्या डोळ्यात फूल पडलं, बुबुळ पांढरंफटक झालं. त्यानंतर गिरणीत डोळ्यांचे एक डॉक्टर बोलायला आले. मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा अशा डोळ्याला बसवता येतो, म्हणाले. अप्पांनी घरी येऊन पहिल्या घासालाच जाहीर केलं, "मी गेलो की माझे डोळे द्यायचे."

"जेवताना असलं बोलू नगा," आई म्हणाली. विषय तिथंच संपला असं तिला वाटलं. मला मात्र अप्पांनी बाजूला घेऊन बजावलं, "तू सायन्स शिकवतीस. तू घाबरायचं नाही." मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. फळ्यावर डोळ्याची आकृती पुस्तकात न बघता काढायचे आणि त्याचा मला तोराही होता.

अप्पा गेले ते उन्हाळ्यात, सकाळी दाढी करता करता. छातीत कळ आली आणि संपलं. मी पंखा बंद केला, त्यांच्या पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि शेजाऱ्यांना त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पिटाळलं. बायका रडायच्या थांबून माझ्याकडं बघत राहिल्या. पोरीचं काळीज दगडाचं आहे, हे आमच्या पेठेत त्या दिवशी ठरलं. वळसंगची आत्या, अप्पांची थोरली बहीण, तेव्हा आमच्याकडंच आली होती. डॉक्टर आले तशी ती दारात आडवी उभी राहिली.

"फुडच्या जल्मी आंधळा यील की माझा भाऊ. कोन धरंल त्याचा हात?"

डॉक्टर हात जोडून उभे. मी काही बोलणार, तेवढ्यात आईच उठली. "वन्सं, सरा बाजूला. त्यांचा शब्द हाय."

डॉक्टर डोळे घेऊन निघून गेले तेव्हा अप्पांचा चेहरा होता तसाच होता. मिटलेल्या पापण्या आणि एका गालावर वाळलेला साबणाचा फेस. तो पुसायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तो गाल मला अजून दिसतो.

दहाव्याला बायकांनी आईचं कुंकू पुसलं. मी तिथं थांबले नाही. राग येत होता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पुढं पावसाळा उलटल्यावर डॉक्टर मुद्दाम घरी आले. "दोघांना दिसायला लागलंय," म्हणाले. "इथलेच आहेत, गावातले. नावं मात्र विचारू नका." मला भरून आलं. आईनं त्यांना चहा करून दिला, आणि त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं बंद केलं.

भाजी मी आणायची, नळावर मी जायचं. दाराशी कुणी अनोळखी आलं की आई आतल्या खोलीत. दुःख आहे, ओसरेल, म्हणून मी गप्प बसले, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एक दिवस भडकलेच. "अशी किती दिवस कोंडून घेणार आहेस?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाईर कशी जाऊ? गावातच हायत की ते डोळे. कुटल्या वळणावर समोर येतील, काय नेम. तुझ्या अप्पांनी मला मोकळ्या कपाळाची कधी बघितली न्हाय."

मी डॉक्टरांना गाठून घरी घेऊन आले. त्यांनी परोपरीनं समजावलं. "आई, डोळ्यावरची काच तेवढी त्यांची. बघणारा माणूस निराळा. तो तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "काच त्यांचीच की," म्हणाली. "मग त्यातनं मी दिसनारच."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना दारापर्यंत सोडून आले.

खोटं कशाला बोलू, हळूहळू मलाही ते वेड लागलं. रसाच्या गुऱ्हाळात समोरच्या माणसानं काळा चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडं पाहिलं. मी रस तसाच ठेवून उठले. वर्गात आकृती काढताना खडू बुबुळाशी आला की माझा हात अडायचा.

आणि एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, आई लुगडं बदलून पुढं आली. "पिशवी घे," म्हणाली. तिच्या कपाळावर कुंकू होतं. पूर्वीएवढंच मोठं, पण मधोमध नाही, पार डाव्या भुवईवर.

"आई, वाकडं लागलंय."

"असू दे."

ओट्यावरच्या बायकांनी आम्हाला बघून पदर तोंडाला लावला. आई मान ताठ ठेवून चालत होती. बाजारात तिनं एका भाजीला हात लावला नाही. ती माणसं बघत होती. येणाऱ्या एकेकासमोर जराशी थांबायची, त्याच्या डोळ्यांत बघायची, मग त्याच्या हाताकडं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती कुणीतरी कपाळाला बोट लावायची वाट बघत होती.

ऊन चढलं. कुंकू ओघळून नाकाच्या कडेनं खाली आलं. लोकांना दिसत होतंच. कुणी हसलं, कुणी विधवेचं कुंकू म्हणून तोंड फिरवलं. हात कुणाचाच वर गेला नाही. मला ते बघवेना. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि अप्पांसारखं माझ्या कपाळाला बोट लावलं.

आई माझ्या बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू नको." आणि मला हातानं बाजूला करून माझ्यामागून येणाऱ्या माणसाकडं बघायला लागली.