जिन्यात सापडलेली स्ट्रॉबेरी

अवसरी खुर्दच्या आमच्या घरात वर चार मुली भाड्याने राहतात, खाली सहा मुलगे. सगळे इंजिनिअरिंगचे. गेल्या वर्षी जिन्यात मला एक व्हेप सापडला. बोटाएवढी गुलाबी नळी. ओढली की धूर निघतो. विक्रीला बंदी आहे आणि मिळते सगळीकडे. तिला स्ट्रॉबेरीचा वास होता.

शेजारी राहणाऱ्या चुलतभावाने ती हुंगली. "पोरीचीच हाये. बाप्या माणूस सरबत वढतो व्हय?"

"आणि तंबाखूचा वास असता तर?"

"मग पोराची. यात इचार काय करायचा?"

मी विजेच्या मीटरचा आकडा दोनदा वाचणारा माणूस. इथे एकदाही खात्री केली नाही. जिन्यालगतच्या खोलीत तळेघर गावाकडची मुलगी होती, एवढ्यावरून तिच्या वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते आले आणि दारातूनच म्हणाले, "बास झालं शिक्षान. पेटी भर." त्यांच्या घरात दहावीपुढे गेलेली ती पहिलीच.

मुलगी रडली नाही. "काका, आजी तंबाखूची मिश्री भाजायला बसली की धुराने मी घराबाहेर पळते. तुम्ही खालच्या खोल्या बघितल्या का?"

नव्हत्या. मग बघितल्या. पाच व्हेप निघाले: आंबा दोन, कलिंगड, लिची, बबलगम. तंबाखूचा एकही नाही. मिशीला पीळ देत बुलेट उडवणारा मर्द म्हणाला, "तंबाखू लई कडू लागती, काका. ती गुलाबी माझीच. घावली व्हय?"

वर एकच निघाला, तोही दुसऱ्या मुलीने आपणहून हातात दिला. साधा पुदिना. "गोड मला सोसत नाही," म्हणाली.

आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या काळी कडू मिश्री दातांना घासतात. चुलतभावाची आई अजून घासते. तरी गोड ते बाईचं, ही अक्कल त्याने कुठून आणली? हिशेब सांगितला तर म्हणे, "हल्लीची पोरंच बायकी, राव." अशा डोक्याचा सल्ला मी घेतला होता.

मुलीच्या वडिलांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "पावणं, आधी बघायचं, मंग फोन करायचा." मग मुलीकडे वळले. "कालेज सोडायचं न्हाई. पर हितं ऱ्हायाचं न्हाई."

पेटी जड होती. मी एक कडी धरायला पुढे झालो. त्यांनी ती एकट्याने उचलून डोक्यावर घेतली.