घरासाठीच केलंय
गावातल्या दुकानदार भाऊंचा सकाळीच फोन आला. ते जैन. "वहिनी, दोन साध्वी आज तुमच्या समोरच्या शाळेत मुक्कामाला येतायत. भिक्षेला तुमच्याकडं आल्या तर घरात जे असंल तेच द्या. कांदा-लसूण नको. आन् त्यांच्यासाठी म्हणून काही करू नका. मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही."

मी हो म्हणाले. पण मनात म्हटलं, हे काय भलतंच! अनवाणी एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसांना सकाळची भाकरी वाढायची? आमच्या निमगाव साव्यात पाहुणा आला तर चहासुद्धा नव्यानं टाकतात. दुपारी बसले तूप कढवायला. शिरा केला, मुगाची बिनलसणाची आमटी केली. लई हौसेनं केलं सगळं.

ऊन कलल्यावर त्या आल्या. एक म्हाताऱ्या, त्या गुरुणी. दुसरी त्यांची शिष्या, माझ्या पुतणीच्या वयाची. शिष्येनं सांगितलं, गुरुणींचा काल उपास होता. आज सोडायचा, पण वाटेत चालेल असं कुठं मिळालंच नाही. दिवस मावळला की त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि आमच्या घराजवळ दुसरं घर नाही.

पात्र पुढं करण्याआधी गुरुणींनी विचारलं, "ताई, हे आमच्यासाठी तर केलं नाही ना?"

"छे छे, माताजी! घरासाठीच केलंय."

अशी पटकन बोलून गेले मी! त्यांनी लाकडी पात्रात थोडा शिरा घेतला, आमटी घेतली. माझा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात मालक मागच्या दारानं रानातून आले. पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तिथूनच ओरडले, "आयला, आज शिरा? आन् आमटीला लसणाचा वास न्हाई? कुणासाठी चाललंय एवढं?"

गुरुणींनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पात्र झाकलं.

"माताजी, टोपलीत सकाळची भाकरी हाय, दूध हाय. ते तरी घ्या. खरंच सकाळची हाय वो!" ते 'खरंच' तोंडातून निघालं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता या घरातलं आज नको, ताई," त्या हळूच म्हणाल्या.

शाळेच्या मागं शिष्येनं कोरडी जागा शोधली, मुंग्या नाहीत ना ते वाकून पाहिलं, पात्रातलं अन्न राखेत कालवलं आणि वर माती लोटली. मी दारातून बघत होते. दिवस मावळला.

सकाळी त्या बेल्ह्याच्या वाटेला लागल्या. मी पळत जाऊन शिष्येला गाठलं. "आज तरी त्यांच्या पोटात काही जाईल ना?"

"आज गुरुणींचा उपास आहे."

"आज पण?"

"तसलं अन्न पात्रात घेतलं, त्याचं प्रायश्चित्त."

"अहो, पण खोटं मी बोलले!" मी भर रस्त्यात ओरडले. "उपास मी करते की! मला सांगा!"

गुरुणी थांबल्या. "करा. पण माझा मलाच करावा लागेल, ताई." हात वर करून आशीर्वाद दिला आणि चालू लागल्या.

मी त्या दिवशी पाण्यावर राहिले. मालक म्हणाले, "तुला काय याड लागलंय का?" मी उपाशी राहिले म्हणून त्यांच्या पोटात काय पडणार होतं?